बादलीच्या मागची खुर्ची

हे खोटं असतं तर मी त्यात कॉम्प्युटर घातला नसता.

भुताच्या गोष्टीला जंगल लागतं, पडकी गिरणी लागते. आमच्या ओरावच्या डोंगराळ भागात दोन्ही भरपूर आहेत. खोटंच सांगायचं असतं तर तिथलं काहीतरी सांगितलं असतं. पण हे घडलं ट्यूबलाइटच्या उजेडात, कोबीच्या सूपचा वास भरलेल्या एका गरम खोलीत. आम्ही तिघं होतो. त्यातले गेझाकाका वारले. वेंडेलीन या विषयावर बोलत नाही.

उरले मी.

फेब्रुवारी होता. शाळांना सुट्टी लागलेली. शुक्रवार. झाब्रेझच्या डोंगरावरची चेअरलिफ्ट, म्हणजे दोराला टांगलेल्या खुर्च्यांची फिरती रांग, बंद व्हायची वेळ. अंधार पडत होता, पडला नव्हता...

माझं नाव दारिना. मी प्रोग्रॅम लिहिते. त्यातही माझं काम बारकं आहे. तुम्ही कॉम्प्युटरवर काही पुसायला जाता आणि मध्येच एक चौकट उघडते. 'नक्की पुसायचं का?' खाली दोन बटणं. हिला डायलॉग बॉक्स म्हणतात. ती कुणीतरी बसून लिहिलेली असते. आमच्या कंपनीत मी लिहायचे.

ही चौकट मोठी हट्टी. ती उघडी असेपर्यंत मागचं काही हलत नाही. आधी उत्तर द्या, मग पुढे.

आणि दोन बटणांपैकी एक आधीच निवडलेलं असतं. त्याच्याभोवती ठिपक्यांची बारीक रेघ असते. एंटर दाबला की तेच बटण दाबलं जातं. लोक वाचत नाहीत हो. एंटर दाबतात. म्हणून कोणतं बटण आधी निवडायचं, ते आम्ही ठरवतो.

झाब्रेझच्या लिफ्टसाठी मी 'हो' निवडलं होतं.

कशाला 'हो', ते सांगते.

गेझाकाका त्या लिफ्टचे जुने चालक. संध्याकाळी शेवटचा माणूस चढला की ते त्याच्या मागच्या खुर्चीला एक लाल बादली टांगायचे. बादलीच्या मागे कुणी बसायचं नाही, हा नियम. बादली डोंगरावर पोचली की वरचा माणूस फोन करायचा, "बादली आली." म्हणजे दोरावर आता कुणी नाही. मग गेझाकाका एक सिगरेट ओढायचे, मग लिव्हर ओढायचे. लिफ्ट बंद. दिवे बंद. सगळे घरी.

ते लिव्हर काढून तिथे कॉम्प्युटर बसवायचं काम आमच्याकडे आलं. आता फोन आला की चालकाने पडद्यावरचं 'बंद' दाबायचं. मग माझी चौकट उघडायची.

     लाइन रिकामी आहे का?
     [ हो ]   [ नाही ]

'हो' म्हटलं की मोटर थांबते. 'नाही' म्हटलं की चौकट मिटते, लिफ्ट चालू राहते. 'नाही'ला मी दिलेलं काम एका ओळीचं होतं. काहीही करू नकोस.

हे नीट लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट घडली ती झिलिना शहरातल्या आमच्या ऑफिसात, भर दुपारी. वेंडेलीन, म्हणजे आमचा मालक, घरच्या सपाता फटफटवत माझ्या टेबलाशी आला. एका हातात कॉफी.

"दाखव तुझी चौकट."

मी दाखवली.

"ही एवढी रुंद का? फुटबॉल खेळायचाय तिच्यात?"

मीही तेच बघत होते. आम्ही ज्या टूलकिटमध्ये, म्हणजे तयार खिडक्या-बटणांच्या संचात, काम करायचो, त्यात चौकटीची रुंदी आपण सांगत नाही. आतलं वाक्य जेवढं, तेवढी चौकट. लांब वाक्य, रुंद चौकट. दोन ओळी, उंच चौकट. हे आपोआप होतं आणि चुकत नाही.

माझं वाक्य चार शब्दांचं होतं.

चौकट त्याच्या दुप्पट रुंद. आणि वाक्याखाली एक आख्खी ओळ... मोकळी.

"खाली काहीतरी लिहिलंयस तू आणि पुसायला विसरलीस," वेंडेलीन म्हणाला.

मी शोधलं. काही नव्हतं. एक स्पेससुद्धा जास्तीची नव्हती. चौकट काढून टाकून पुन्हा लिहिली, तीन वेळा. तीनही वेळा तेवढीच रुंद.

जणू तिथे एक वाक्य होतं. लांबी होती त्याला. उंची होती.

फक्त अक्षरं नव्हती...

"राहू दे," वेंडेलीन म्हणाला. "रुंद चौकटीचे जास्त पैसे मागू."

मीही हसले. मग एंटर दाबला.

लिफ्ट थांबायला हवी होती. म्हणजे पडद्यावरची, खोटी. थांबली नाही. मी पाहिलं तर ठिपक्यांची रेघ 'नाही'भोवती होती. मी ती 'हो'वर ठेवली होती, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगते. पुन्हा ठेवली. पुन्हा चौकट उघडली.

'नाही'.

असले दोष येतात. आम्ही 'होईल नीट' म्हणून पुढे जातो. ते बटण बाहेरून दामटून 'हो'वर बसवायची एक ओबडधोबड युक्ती आहे. ती मी केली. बटण बसलं.

रुंदी मात्र गेली नाही.

आता तो शुक्रवार.

खालच्या स्टेशनात आम्ही जुनं लिव्हर कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं. कॉम्प्युटरशेजारी वेंडेलीनने पाटी चिकटवली होती, 'धूम्रपान करू नये'. गेझाकाका सकाळपासून त्या पाटीकडे बघून तोंड वाकडं करत होते.

"पोरी, तुझ्या यंत्राला धूर सोसत नाही होय?"

"पंख्यात राख जाते, काका."

"माझ्या बायकोला चाळीस वर्षं सोसला. यंत्रापेक्षा लग्न बरं मग."

"बाहेर जाऊन ओढा ना," वेंडेलीन म्हणाला.

"बाहेर? या वाऱ्यात? तुझ्या सासूला पाठव."

दाराजवळ बुटांचं कपाट होतं. लिफ्टवर काम करणारे सगळे सकाळी तिथे आपले रस्त्यावरचे बूट काढून स्कीचे बूट चढवायचे. संध्याकाळी उलटं. माझी धाकटी बहीण स्लावका मधल्या थांब्यावर मुलांना स्की शिकवायची. लिफ्ट अर्ध्या डोंगरावर एका कुरणापाशी हळू होते, तो मधला थांबा. सकाळी मी तिला बूट काढताना पाहिलं होतं. तपकिरी, घोट्यापर्यंतचे, एकाची नाडी तुटलेली.

"तुझ्या चौकटीत मला काही विचारू नकोस हं," ती मला म्हणाली होती. "मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही."

"शाळेतही येत नव्हतं."

"म्हणून तर डोंगरावर आले."

शेवटची मुलं स्की करत खाली आली. आया त्यांना ओढत गाड्यांकडे घेऊन गेल्या. शेवटचा माणूस वर जायला चढला. गेझाकाकांनी बादली टांगली. लाल बादली धुक्यात शिरली, लहान झाली, दिसेनाशी झाली. बर्फ पडायला सुरुवात झाली होती.

आम्ही सूप ओतून घेतलं. फोन वाजला.

"बादली आली," वरचा माणूस म्हणाला. "मी निघालो, पलीकडच्या उतारानं."

गेझाकाकांचा हात खिशाकडे गेला. पाटी दिसली. हात मागे आला.

"दाबा काका," वेंडेलीन म्हणाला. "पहिला मान तुमचा."

त्यांनी 'बंद' दाबलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले की आता हे यंत्र मला

     लाइन रिकामी आहे का?

     [ हो ]   [ नाही ]

परीक्षेला बसवतंय. वेंडेलीन हसला, त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि एंटर दाबला.

मोटर थांबली.

तुम्ही कधी मोठी मोटर थांबताना ऐकली आहे? दिवसभर तो आवाज कानात असतो, म्हणून तो आहे हेच कळत नाही. थांबला की कळतं. डोंगरावरचे दिवे खालून वर विझत गेले.

वेंडेलीनने टाळी वाजवली. मी प्रोग्रॅम बंद केला. पडदा निळा, रिकामा. कोट घालायला उठले, एक हात बाहीत गेला आणि

     लाइन रिकामी आहे का?

     [ हो ]   [ नाही ]

तसाच राहिला.

"बंद केलास ना?" वेंडेलीन म्हणाला.

"केला."

"मग ही कुठून आली?"

कुठूनच येऊ शकत नव्हती. चौकट स्वतःहून उघडत नाही. तिला मागे एक खिडकी लागते, आम्ही तिला आई म्हणतो. आई मिटली की पोर मिटतं. इथे आई नव्हती. निळ्या पडद्यावर नुसती चौकट. पोरकी.

वेंडेलीनने एंटर दाबला. मिटली.

उघडली.

दाबला. मिटली. उघडली.

"व्हायरस आहे," तो म्हणाला.

"इंटरनेटची तारच नाही इथे."

"मग तूच काहीतरी घाण केलीयेस!"

"मला शिव्या घालू नकोस, वेंडेलीन. बटणावरून हात काढ."

मी खोलात जाऊन चालू असलेला एकूण एक प्रोग्रॅम मारला. त्यात तास गेला. शेवटी मारायला काही उरलं नाही. चौकट होतीच. तिच्यातलं 'हो' आता फिकट झालं होतं, दाबता न येणाऱ्या बटणासारखं. ठिपक्यांची रेघ 'नाही'भोवती.

आणि वाक्याखालच्या मोकळ्या ओळीत...

मी चष्मा पुसला.

अक्षरं सावकाश येत नव्हती. टाइप केल्यासारखी येत नव्हती. ती आधीपासून होती आणि मला आत्ता दिसायला लागली होती, असं वाटलं.

     लाइन रिकामी आहे का?
     आम्ही दोघं अजून वर आहोत, थांबा.
     [ हो ]   [ नाही ]

 सूपवर चरबीची साय धरली होती.

मग गेझाकाका उठले. चौकटीकडे नाही, दाराकडे बघत होते. बुटांच्या कपाटाकडे.

सगळे कप्पे रिकामे होते. सगळे घरी गेले होते.

एका कप्प्यात तपकिरी बूट. तुटकी नाडी.

"सिगरेट," गेझाकाका म्हणाले.

"काका, आत्ता नाही..." वेंडेलीन म्हणाला.

"अरे गाढवा, सिगरेट! मी सिगरेट कशाला ओढतो? मधल्या थांब्यावरचं पोर आवरतं, फाटक लावतं आणि बादलीच्या मागच्या खुर्चीत बसून वर जातं. वरच्याबरोबर गाडीतनं उतरतं. रोज! सगळ्यांना ठाऊक आहे. बादली येते, आणि खुर्च्या लांब लांब म्हणून सिगरेटभर वेळानं ते पोर येतं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक नव्हतं?"

मधल्या थांब्यावरचा नेहमीचा माणूस तापाने घरी होता. त्याचं फाटक आज स्लावका लावणार होती. वरच्याला ते माहीत नव्हतं, म्हणून तो थांबला नव्हता.

खिडकीबाहेर काळोख झाला होता. दोर त्यात शिरत होता आणि पुढे दिसत नव्हता. वरच्या टोकाआधी दोराखाली दरी आहे. खुर्चीतून उडी मारता येत नाही. वाऱ्याने खिडकीची काच थरथरत होती. मी तिला फोन लावला. तिचा मोबाइल तिच्या कोटात वाजला. कोट अजून खुंटीवर होता.

"लिफ्ट चालू कर!" वेंडेलीन ओरडला.

"चौकट मिटल्याशिवाय काही चालू होत नाही!"

"मग मिटव!"

मी 'नाही' दाबलं.

'नाही'ला मी दिलेलं काम तुम्हाला सांगितलंय. एक ओळ. काहीही करू नकोस. शिवाय तो प्रोग्रॅम तेव्हा चालूच नव्हता. मीच तो मारला होता.

चौकट मिटली.

मोटर सुरू झाली.

डोंगरावरचे दिवे एकेक करून वरपर्यंत लागले. गेझाकाकांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि तसेच, खोलीतल्या सपातांवर, बाहेर धावले.

आम्ही उतरत्या बाजूला उभे राहिलो. वर गेलेली खुर्ची चाकाला वळसा घालून इथूनच खाली येते. वर उतरवून घ्यायला आता कुणी नव्हतं, म्हणजे ती खालीच येणार. वेंडेलीन रुग्णवाहिकेला फोन करत होता, आणि रस्ता सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

खुर्च्या यायला लागल्या.

प्रत्येकीवर बर्फ. सारखं, गुळगुळीत, न मोडलेलं.

रिकामी.

रिकामी.

मी तिचं नाव घेऊन हाका मारत होते. धुकं हाक गिळतं. रिकामी. रिकामी. मग लाल बादली आली, बर्फाने अर्धी भरलेली. गेझाकाकांनी माझा दंड धरला. बादलीच्या मागची खुर्ची धुक्यातून बाहेर आली...

स्लावका तिच्यात होती.

पापण्या पांढऱ्या. ओठ काळे-निळे. पण डोळे उघडे. तोंड डावीकडे वळवलेलं, बोलता बोलता थांबल्यासारखं. गेझाकाकांनी दांडा वर केला, आम्ही तिला ओढून घेतलं. तिच्या केसांवर, खांद्यावर, मांडीवर बर्फ साचलं होतं.

तिच्या डावीकडची जागा कोरडी होती.

मी हात लावून पाहिला. लाकडाच्या पट्ट्या, कोरड्या ठणठणीत. सगळ्या डोंगरावर बर्फ पडत होतं आणि एका माणसाच्या बसायच्या रुंदीइतकं तिथे पडलं नव्हतं.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. वेंडेलीन तिच्याबरोबर गेला. मी मागे राहिले, कारण लिफ्ट बंद करणं भाग होतं आणि गेझाकाका त्या खोलीत एकटे जायला तयार नव्हते. आम्ही सगळ्या खुर्च्या पुन्हा एकदा फिरवल्या. कुणी नव्हतं. मी प्रोग्रॅम सुरू केला, 'बंद' दाबलं, चौकट आली. नुसता प्रश्न. खालची ओळ मोकळी.

"काका, इथे कधी कुणी वर राहिलं होतं?"

"माझ्या हातून नाही."

"आणि तुमच्या आधी?"

 त्यांनी पाटीखालीच सिगरेट पेटवली.  ती पूर्ण संपल्यावर म्हणाले, "दाब आता."

स्लावकाची डाव्या पायाची दोन बोटं गेली. बाकी सगळी वाचली. तिसऱ्या दिवशी तिला सूप भरवताना मी विचारलं, इतका वेळ झोप कशी लागली नाही?

"तो लागू देईना."

"कोण?"

"माझ्या शेजारचा. तू पाहिलं नाहीस?" ती सहज बोलत होती, बसमधल्या माणसाबद्दल बोलावं तशी. "मी विचारलं, कुठे चढलात? म्हणाला, इथेच, बादलीच्या मागे. टोपी नव्हती त्याला. मी म्हटलं, घ्या माझी. नको म्हणाला."

"स्लावका..."

"लिफ्ट थांबली तेव्हा मी रडायला लागले. तर म्हणाला, रडू नकोस, झोपू नकोस. ते विचारतील."

मी चमचा खाली ठेवला.

"म्हणाला, आता विचारतात. आमच्या वेळी कुणी विचारायचं नाही."

तिने आपणहून चमचा उचलला आणि खाऊ लागली.

पुढच्या हिवाळ्यात गेझाकाकांनी काम सोडलं. त्यांची जागा कुणी मागेना. स्लावकाने मागितली. आईने आकाशपाताळ एक केलं, "त्या डोंगरानं तुझी बोटं खाल्ली, पोरी!" स्लावका म्हणाली, "आठ ठेवली ना." 

मी चौकटीतला दोष काढायला किती वेळा आले, मोजलं नाही. वेंडेलीनने आणखी दोन माणसं लावली. नवं टूलकिट आलं, सगळं पुन्हा लिहिलं. रुंदी तेवढीच. मोकळी ओळ तिथेच. आता आम्ही तिला हात लावत नाही.

आजही आले होते, वेगळ्याच कामासाठी. हे मी खालच्या स्टेशनातूनच लिहितेय. थोड्या वेळापूर्वी वरून फोन आला, बादली आली म्हणून. स्लावका सिगरेट ओढत नाही. ती त्याऐवजी बाहेर जाते, दोराखाली उभी राहते आणि डोंगराकडे तोंड करून ओरडते.

"आहे का कुणी वर?"

मग थांबते. मग आत येते, हातमोजे काढते, 'हो' दाबते. रोज.

आज आत आली. हातमोजे काढले नाहीत. बोटाने ठिपक्यांची रेघ सरकवली आणि 'नाही' दाबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुला ऐकू नाही आलं?"

"नाही."

खोटं बोलले मी.

ती पुन्हा बाहेर गेलीय. दार अर्धवट उघडं आहे. लिफ्ट चालू आहे. उतरत्या बाजूने खुर्च्या येतात त्याचा आवाज इथे ऐकू येतो, प्रत्येक खुर्ची चाकाशी आली की एक खट्ट, मग पुढची. खट्ट... खट्ट... मी खिडकीकडे पाठ करून बसलेय. वळले तर काहीच दिसणार नाही, हे मला माहीत आहे. तरी वळत नाही.

खट्ट...

स्लावका आत्ता कुणाला तरी म्हणाली, "सावकाश. आधी पाय टेका."